‘भाराभर चिंध्या’ बिघडतात त्या खाली ठेवताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या शिवण-विणकामावर आलेल्या लेखात ‘हातातले एक काम पुरे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका’ असा सल्ला होता आणि जोडीला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण. सल्ला चांगल्या मनाने दिला आहे यात शंका नाही. पण ज्या घरात रजई, ब्लाउज, मण्यांची महिरप आणि स्वेटर वर्षभर आलटूनपालटून होतात, तिथे तो पाळता येत नाही. नव्याने शिकणाऱ्या मुली असा सल्ला वाचून चार अर्धी कामे कपाटात बघतात आणि आपल्यालाच दोष देतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी ग्वाल्हेरच्या हवेचे बघा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. घामेजल्या हातात लोकर धरवत नाही, ती सुईवर सरकत नाही आणि रंग फिका असेल तर टाके मळतात. मांडीवर रजई घेणे तर दूरच. त्या दिवसांत होते ते कापड आटवणे, बेतणे, तुकडे कापणे आणि शाळा सुरू होण्याआधी गणवेश शिवणे. श्रावणात गौरी-गणपतीची महिरप आणि तोरणे. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल तर रुखवताचे मण्यांचे कामही श्रावणातच सुरू होते. लोकर हातात येते ती नवरात्राच्या आसपास, आणि रजईला दोरे घालायचे ते थंडीत, दुपारच्या उन्हात गच्चीवर. मे महिन्यात कापलेले तुकडे डिसेंबरात रजई होतात. मधले सात महिने ते काम अर्धेच असणार, त्याला इलाज नाही.

दुसरे कारण अंगाचे. विणताना दोन्ही मनगटे सारखी हलतात. रजईचे टाके घालताना अंगठा आणि तर्जनी अवघडते, मणी ओवताना मान आणि डोळे, मशीनवर कंबर. अर्धा-पाऊण तासाने काम बदलले की एकच सांधा दिवसभर झिजत नाही. मनगट दुखत असताना ‘स्वेटरची एवढी पाठ संपवूनच टाकते’ म्हणून रेटून विणलेल्या ओळी हात लावताच ओळखू येतात, त्या आधीच्या ओळींपेक्षा घट्ट असतात.

तेव्हा तीन-चार कामे चालू असण्यात काहीच गैर नाही. काम वाया जाते ते त्याला कुठे आणि कशा अवस्थेत खाली ठेवले यावरून. आमच्याकडे दुरुस्तीला येणारे अर्धवट काम बघितले तर बहुतेक वेळा विणणारीचा किंवा शिवणारीचा हात चांगला असतो. ओळीच्या मध्येच थांबलेली सुई, गंजलेली पिन, हरवलेले माप अशीच कारणे निघतात.

विणकाम घेऊ. ओळीच्या मध्ये कधीही थांबू नये. जिथे थांबतो तिथला टाका दोन सुयांच्या ओढीत लांबतो आणि पुढे कितीही धुतले तरी तिथे बारीक भोकासारखी खूण राहते. उलट ओळ पूर्ण करून थांबावे, म्हणजे पुन्हा हातात घेताना सुलट बाजू समोर येते आणि नमुना कुठवर आला ते डोळ्यांना दिसते. टाके सुईच्या मध्याकडे सरकवून टोकांना खोडरबराचे किंवा बुचाचे तुकडे खोचावेत. आठ-पंधरा दिवसांसाठी एवढे पुरे.

महिन्यापेक्षा जास्त थांबायचे असेल तर सुई काढूनच घ्यावी. टाके तसेच राहिले की सुईवरची ओळ ताणून बसते आणि नंतर तयार पाठीवर आडवी रेघ दिसते. जुनी पोलादी सुई असेल तर पावसाळ्यात गंजाचा डागही पडतो. जाड, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा बोथट सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून घ्यावा आणि दोन्ही टोकांची सैल गाठ बांधावी. लोकरीचा दोरा इथे चालत नाही, त्याचे बारीक तंतू टाक्यांत अडकतात आणि फिका रंग असेल तर मागे राहतात. काम पुन्हा सुरू करताना शेवटची एक ओळ उसवून मगच टाके सुईवर घ्यावेत. पाच मिनिटांचे काम आहे, रेघ मात्र नक्की टळते.

खरी अडचण पुढे येते. दोन महिन्यांनी हात बदललेला असतो. 4 प्लाय, म्हणजे चारपदरी बारीक लोकर 10 नंबरच्या सुईवर मध्यम हाताने विणली तर 10 सेंमीत साधारण 28 टाके आणि 36 ओळी बसतात. 46 सेंमी रुंदीच्या पाठीसाठी 129 टाके घातले. पाठ विणून झाली, काम थांबले, आणि पुढचा भाग विणताना हात सैल पडून 10 सेंमीत 26 टाके बसू लागले, तर तेच 129 टाके 49.6 सेंमी होतात. एका भागात साडेतीन सेंमीचा फरक, बाजूची शिवण जुळणारच नाही. म्हणून थांबलेले काम पुन्हा घेताना आधी उरलेल्या लोकरीवर 30 टाक्यांचा चौकोन विणून मधले 10 सेंमी मोजावेत. टाके कमी भरले तर 11 नंबरची, म्हणजे बारीक सुई घ्यावी, जास्त भरले तर 9 नंबरची जाड. मधल्या खंडात सुया दुसऱ्या कामाला गेल्या आणि परत येताना वेगळीच जोडी आली, असेही फार होते. चिठ्ठीवर नंबर नसेल तर ते कळतही नाही.

चिठ्ठीबद्दल बोलतो आहोत तर एक समोरच ठेवतो: ‘राखाडी स्वेटर, पाठ. 4 प्लाय, सुई 10, माझी निळ्या टोकाची जोडी. टाके 129. बॉर्डर धरून 86 ओळी झाल्या. पुढे: सुलट ओळ. मुंढा 140व्या ओळीनंतर. एकूण 223.’ पोस्टकार्डाच्या पाव तुकड्यावर हे मावते. यात सर्वांत मोलाचा शब्द ‘पुढे’. काय झाले ते काम बघून उलगडता येते, पण पुढची पहिली कृती कोणती ते विणलेल्या भागावरून कळत नाही आणि कंटाळा तिथेच येतो. चिठ्ठीला लोकरीचा वीतभर दोरा आणि लेबल टाका घालून जोडावे. स्टेपलर मारू नये, तार गंजते.

लेबल ठेवायचे ते लॉट नंबरासाठी, म्हणजे लोकर कोणत्या खेपेत रंगवली त्या आकड्यासाठी. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटेचा फरक असतो. तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, घरी उन्हात दिसतो. पूर्ण बाह्यांच्या अशा स्वेटरला साधारण 400 ग्रॅम लोकर लागते. 50 ग्रॅमचा एक गोळा जास्तच घ्यावा. दुसऱ्या लॉटची लोकर मिसळावीच लागली तर दोन ओळी जुन्या गोळ्याच्या, दोन नव्याच्या असे 10-12 सेंमी विणत जावे, म्हणजे छटा सरमिसळ होऊन जाते. एकदम नवा गोळा लावला तर छातीवर पट्टा उठतो. ग्वाल्हेरच्या मेळ्यात जानेवारी-फेब्रुवारीत उतरत्या भावाने लोकर मिळते. 1905 साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेला हा मेळा म्हणजे ग्वाल्हेरच्या थंडीतली ठरलेली खरेदी. पण तिथे मोह होतो तो दोन-तीन सुट्या गोळ्यांचा, आणि असे गोळे पुढे कशालाच पुरत नाहीत. एका स्वेटरपुरता एक लॉट मिळत असेल तरच घ्यावा.

वेळेचा हिशेबही आधी मांडलेला बरा. 129 टाके गुणिले 223 ओळी म्हणजे जवळजवळ 28,800 टाके. मिनिटाला 30 टाके धरले तर फक्त पाठीला 16 तास. पुढचा भाग, दोन बाह्या, गळपट्टी धरून पन्नासेक तास. रोज एक तास मिळत असेल तर सात आठवडे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंगात हवा असेल तर दसऱ्याच्या आसपास टाके घालावे लागतात. दिवाळीचे दिवस यातून वजा करायचे आहेतच.

आता रजई. इथे बिघाड फार सावकाश होतो, त्यामुळे कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. 150 × 225 सेंमीच्या रजईला 15 सेंमीचे चौकोन घेतले तर 10 गुणिले 15 असे 150 तुकडे लागतात. चारी बाजूंनी 6 मिमी माया, म्हणजे शिवणीत जाणारे कापड, धरून प्रत्येक तुकडा 16.2 सेंमीचा कापायचा. 110 सेंमी पन्ह्याच्या कापडात एका ओळीत सहा तुकडे बसतात, म्हणजे सगळ्या रंगांचे मिळून 4.05 मीटर. वाकडा काठ धरून सव्वाचार मीटर घ्यावे, आणि कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवून इस्त्री करावे. सुती कापड 3 ते 5 टक्के आटते. नवे कापड न आटवता जुन्या साडीशेजारी लावले तर पहिल्या धुण्यातच जुन्या कापडाला चुण्या पडतात.

माया 6 मिमीऐवजी 7 मिमी पडली तर एका शिवणीत 2 मिमी जातात. दहा तुकड्यांच्या ओळीत नऊ शिवणी, म्हणजे 18 मिमी. मे महिन्यात सात ओळी एका मायेने जोडल्या आणि उरलेल्या आठ ऑक्टोबरात दुसऱ्या मायेने, तर ओळी एकमेकींना लागतच नाहीत. ओढून जोडल्या तर रजईला झोळ येतो. यासाठी मशीनच्या पट्टीवर सुईपासून 6 मिमीवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी आणि मधल्या काळात ती कोणी काढणार असेल तर पहिल्या जोडाचा एक नमुना पिशवीत ठेवावा. दहा तुकडे ओळीच्या क्रमाने रचून मधून दोरा ओवावा आणि त्याला ओळीचा आकडा बांधावा. पंधरा गठ्ठे, पंधरा आकडे. तुकडे मोकळे ठेवले तर रंगांची रचना पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते.

लाल, किरमिजी आणि गडद निळ्या कापडाची परीक्षा कापण्याआधीच. ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा ठेवून इस्त्री फिरवावी. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड रजईत घेऊ नये किंवा पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. चंदेरीचे पदर फार जणींना रजईत घालावेसे वाटतात. चंदेरीत ताणा बहुधा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, त्यामुळे ती सुती कापडासारखी आटत नाही आणि काठावर सुटते. मागून पातळ सुती अस्तर टाचून मगच तिचा चौकोन कापावा, नाहीतर ती भिंतीवरच्या कामासाठी राखून ठेवावी. जुन्या सुती साड्यांच्या गोधडीला पॉलिएस्टर दोरा लावू नये. दोरा कापडापेक्षा बळकट असला की कालांतराने टाक्याटाक्यावर कापडच चिरत जाते.

थर लावताना अस्तर, भर, वरचा पदर असे पसरून मध्यापासून बाहेर दर 10-12 सेंमीवर कच्चे टाके घालावेत. सेफ्टीपिना लावून रजई महिनाभर ठेवणे ही फार नेहमीची चूक आहे. पावसाळ्यात किंवा कूलरच्या ओलसर हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग वरच्या पदरातून अस्तरापर्यंत उतरतो. दोन दिवसांत काम संपणार असेल तर पिना, नाहीतर दोराच. टाकेही मध्यापासून सुरू करावेत. काठाकडून आत आले की जास्तीचे कापड मध्ये साठते आणि पोट सुटते, ते उसवल्याशिवाय जात नाही. कापसाची भर असेल तर दोन ओळींत 10 सेंमीपेक्षा जास्त अंतर नको, कापूस खाली ओघळून गोळे होतात. 5 सेंमीवर लांबीच्या ओळी घातल्या तर साधारण तीस ओळी, प्रत्येकी सव्वादोन मीटर, म्हणजे 67 मीटर धावदोरा. टाक्यांत जाणारा दोरा आणि गाठी धरून 100 मीटरचे एक रीळ पुरते, पण शेजारी त्याच रंगाचे दुसरे असावे.

अर्धी टाचलेली रजई घडी घालून ठेवू नये. महिनोन्‌महिने एकाच घडीवर राहिली की भर तिथे तुटते आणि रेघ कायमची बसते. जुने धोतर गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या नळीवर ती गुंडाळावी, वरचा पदर बाहेरच्या बाजूला. कापडाच्या दुकानात तागे संपल्यावर अशा नळ्या सहज मिळतात. सुई कामातच टोचून ठेवू नये, ती चिठ्ठीच्या फडक्यावर टोचावी.

शिवणाबद्दल थोडक्यात, कारण बहुतेकींना ते येतेच. बेतलेले ब्लाउज किंवा झबले आठवडाभर पडून राहणार असेल तर गळा आणि मुंढा सैल पडतात. तिथे कापड तिरके, उरेब असते आणि नुसत्या उचलठेवीने ताणते. काठापासून 3-4 मिमीवर एक साधी शिलाई मारून मगच बाजूला ठेवावे. खुंटीला टांगू नये. खडूच्या खुणा चार दिवसांत पुसट होतात, म्हणून टक्स आणि मध्यरेषा कच्च्या दोऱ्याने उचलून घ्याव्यात. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाची खूण असेल तर ती धुतल्याशिवाय इस्त्री फिरवू नये, उष्णतेने ती पक्की बसते. लहान मुलाचा कपडा थांबणार असेल तर बाजूला 3 सेंमी माया ठेवावी आणि पुन्हा सुरू करताना माप नव्याने घ्यावे. एका कामाला एकच इंचटेप. जुना कापडी टेप ताणून लांबतो. पोलादी पट्टीवर वर्षातून एकदा ताडून बघावा.

मशीनवर मात्र रजई आणि ब्लाउज एकाच दिवशी नको. रजईला 16 नंबरची सुई आणि 3 ते 3.5 मिमीचा टाका, साध्या सुती कपड्याला 14 नंबर आणि 2.5 मिमी, चंदेरीसारख्या तलम कापडाला 11 नंबर. रजईनंतर सुई तशीच ठेवून ब्लाउज शिवला की कापडावर भोकांची ओळ दिसते. प्रत्येक बदलाला बॉबिन केस काढून दात्यांखालचा कापूस ब्रशने झाडावा, तेलाचा एक थेंब घालावा आणि चिंधीवर दोन-तीन ओळी शिवून तेल उतरू द्यावे. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा बॉबिनला दोष दिला जातो, पण बहुतेकदा वरचा दोरा त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवला की गुंता थांबतो.

मण्यांच्या कामात थांबण्याची जागा म्हणजे ओळीचा शेवट. तिथे वेगळ्या रंगाचा एक मोठा मणी घेऊन त्यातून दोरा दोनदा काढावा. ओढ कायम राहते आणि ओळी सैल पडत नाहीत. गाठ मारली तर पुढे सोडताना दोरा फाटतो. दोरा एका वेळी सव्वा मीटरपेक्षा लांब घेऊ नये, काचेच्या धारेवर घासून तो मध्येच झिजतो. नायलॉनच्या दोऱ्याला मेण लावावे. मासेमारीची तार स्वस्त पडते आणि सुईशिवाय ओवता येते, पण काही वर्षांनी ती ठिसूळ होते. रुखवतातले काम पिढीभर टिकावे अशी इच्छा असेल तर ती वापरू नये.

11 नंबरचा काचमणी सुमारे 2 मिमीचा असतो, 10 ग्रॅममध्ये साधारण हजारेक. पाटाभोवतीच्या महिरपीसाठी सगळे मणी एकदमच घ्यावेत, कारण लोकरीसारखाच इथेही पुडीपुडीत फरक असतो. एका पुडीतले मणी जरासे जाड निघाले तर पट्टी कमानीसारखी वाकते. रंग पक्का आहे का ते बघायला दोन मणी नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बुडवावेत आणि थोडे पंधरा दिवस खिडकीत उन्हात ठेवावेत. गुलाबी आणि जांभळे बरेचदा उडतात. प्लास्टिकच्या मोत्यांना मात्र नेलपॉलिशचे पाणी लावू नये, वरचा थर निघून येतो. मणी मांडायला स्टीलचे ताट घेऊ नये, त्यात ते घरंगळतात. ताटात जुन्या फलाणीचा किंवा मखमलीचा तुकडा अंथरला की मणी जागेवर राहतात आणि सुईच्या टोकाने अलगद उचलता येतात. कुंकवाच्या झाकणाच्या डब्या एका रंगाला एक. आलेखाच्या कागदावर नमुना काढून झालेली ओळ पेन्सिलने खोडत जावे. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेली ओळ हमखास दोनदा ओवली जाते.

चारही कामे एका खोलीत असली की ती एकमेकांना बिघडवतात, आणि याविषयी फारसे कुठे लिहिलेले आढळत नाही. बाजारात ‘ऊल’ म्हणून मिळणारी पुष्कळशी लोकर ॲक्रिलिक असते. ब्लाउजच्या शिवणी दाबायला तापवलेली इस्त्री तिला लागली की विणीतला फुगीरपणा जातो, ती चपटी आणि लोंबती होते, आणि हे परत येत नाही. रजईचा कापूस गडद लोकरीत शिरला तर टाक्यांच्या आत विणला जातो, वरून झाडून निघत नाही. मशीनच्या तेलाचा डाग लोकरीवर पडला की तो भाग उसवावाच लागतो. कापडाखाली राहिलेला एक मणी मशीनची सुई मोडतो आणि तुटलेले टोक डोळ्याकडे उडते. म्हणून ज्या कपड्यावर मणीकाम करायचे आहे तो आधी शिवून, इस्त्री करून घ्यावा. कपड्याच्या तुकड्यांवरच मणी भरायचे असतील तर शिवणरेषेपासून दीड सेंमी जागा मोकळी सोडावी, तिथले मणी शिवण झाल्यावर हाताने लावावेत. मण्यांवर इस्त्री कधीच नाही. काच तडकते आणि प्लास्टिक वितळते.

कात्र्या तीन. कापडाची कापडालाच, कागदाला वेगळी, आणि नायलॉन दोरा तोडायला जुना नेलकटर. कापडाच्या कात्रीने एकदा कागद कापला की ती चंदेरी चावत जाते. टाचण्या मोजून घ्याव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. पन्नास काढल्या तर पन्नास डबीत जाईपर्यंत उठू नये. ज्या घरात रांगते मूल आहे तिथे तर हा नियम सगळ्यांत आधी.

प्रत्येक कामाला जुना उशीचा अभ्रा ही सर्वांत चांगली पिशवी. धुता येते, हवा खेळते, आणि लोकरीला प्लास्टिकसारखा कोंदट वास लागत नाही. खरी लोकर असेल तर अर्धे विणलेले कामसुद्धा पावसाळ्याआधी झटकून ऊन देऊन ठेवावे. कसर लागते ती घामाच्या आणि तेलकट हाताच्या जागी आधी. डांबरगोळ्या ठेवल्या तर फडक्यात बांधून, आणि मोत्यांच्या डब्यांपासून लांब.

किती कामे एका वेळी, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर चार, आणि एका जातीचे एकच. दोन स्वेटर एकदम नकोत, कारण सुया, लोकर आणि मोजणी एकमेकांत जातात. एक स्वेटर, एक रजई, एक शिवण, एक मणीकाम चालते. महिन्यातून एकदा चारही पिशव्या उघडून चिठ्ठ्या वाचाव्यात. जे काम वर्षभर हलले नाही ते उसवून लोकर धुऊन घ्यावी, कापड दुसऱ्या रजईत घालावे. अशा उसवण्याबद्दल लाज वाटण्याचे काही कारण नाही. 400 ग्रॅम लोकर मोकळी होते.

आपल्या पुरवणीकडे एक मागणी आहे. विणीचे नमुने छापताना सुईचा नंबर मिलीमीटरमध्ये द्यावा. आपल्याकडे 8 नंबर म्हणजे 4 मिमी आणि 10 नंबर म्हणजे 3.25 मिमी, आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत नेमके उलटे आहे, तिथला 8 नंबर 5 मिमीचा असतो. परदेशी नमुना भाषांतर करून नुसता ‘8 नंबर’ छापला की वाचक 4 मिमीची सुई घेते आणि मोठ्या माणसाचा स्वेटर मुलाच्या अंगाचा होतो. त्याबरोबर 10 सेंमीत किती टाके आणि किती ओळी, लोकरीचे एकूण वजन किती, आणि नमुन्यात थांबायला सोयीची ओळ कोणती, एवढे चार आकडे प्रत्येक नमुन्याखाली द्यावेत. एका ओळीची जागा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपल्या,
हातकाम करणाऱ्या काही वाचक
लष्कर, ग्वाल्हेर